माळवा, फौज आणि बास्केटबॉल – वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझा भाचा पोलंडला शिकायला गेलाय, गावाचं नाव मला अजून धड म्हणता येत नाही. परवा त्याने बास्केटबॉल मॅचचा फोटो पाठवला, गळ्यात हिरवा स्कार्फ, आणि खाली लिहिलं, "मावशी, ही टीम पोलंडमध्ये सगळ्यात जास्त वेळा चॅम्पियन झालीये." शाळेत असताना रेसकोर्स रोडच्या बास्केटबॉल कॉम्प्लेक्सवर मीही खेळलेय म्हणून विचारते, टीमचं नाव कसं म्हणायचं आणि भाचा फेकतोय का? – एक मावशी, रामबाग

उत्तर : नाही मावशी, यावेळी तरी फेकत नाहीये. गाव व्रोत्स्वाफ आणि क्लब श्लोंस्क. पोलिश लोक 'एल'वर एक तिरकी रेघ मारतात आणि मग त्याला 'व'सारखं म्हणतात, म्हणून इंग्रजी स्पेलिंग बघून आपण 'व्रोक्लॉ' म्हणतो आणि तिकडचे हसतात. श्लोंस्क म्हणजे सायलेशिया, त्या अख्ख्या भागाचं नाव, जसं आपण माळवा म्हणतो. म्हणजे क्लबचं नाव झालं 'माळवा, इंदूर', इतकं सोपं आहे.

आणि चॅम्पियनशिप म्हणाल तर 18. पहिली 1965 ची, अठरावी 2022 ची. मधे 1991 ते 94 सलग चार आणि 1998 ते 2002 सलग पाच, म्हणजे नव्वदच्या दशकात तिकडे दुसऱ्या कुणी बास्केटबॉल खेळायचं की नाही असाच प्रश्न होता.

एक गंमत सांगतो, 1945 च्या आधी कित्येक शतकं हे गाव पोलंडमध्ये नव्हतंच. ते जर्मनांचं ब्रेस्लाऊ. युद्धानंतर सीमा सरकल्या, जर्मन लोकांना जावं लागलं आणि पूर्वेकडून, म्हणजे लव्होवकडून वगैरे, घरदार सोडून आलेले पोलिश लोक तिथे वसले. फाळणीनंतर सिंधी मंडळी आपल्याकडे आली तेव्हा त्यांना इंदूर जसं परकं वाटलं असेल तसंच, फक्त इथे अख्खं गावच नवं. चाळीसच्या दशकाच्या शेवटी क्लब निघाला तो अशा गावात, जिथे कुणाचा आजा कधी राहिलेला नव्हता. मला वाटतं लोक टीमला इतके चिकटले त्याचं एक कारण हेही असणार, सगळ्यांचं मिळून 'आपलं' म्हणावं असं दुसरं होतं काय?

प्रश्न : मीही त्या क्लबबद्दल थोडं वाचलं, नावाच्या आधी 'वूकाएस' लावतात आणि त्याचा अर्थ फौजेचा क्लब असा दिसला. फौजेला बास्केटबॉलशी काय देणंघेणं? – एक वाचक, सुदामानगर

उत्तर : भाऊ, इंदूरच्या माणसाने हे विचारावं? सी. के. नायडूंना आपण 'कर्नल' का म्हणतो? होळकरांनी त्यांना आपल्या फौजेत हुद्दा दिला म्हणून! ते काही पलटण घेऊन लढाईला गेले नव्हते, ते क्रिकेट खेळायचे, आणि त्याच होळकर टीमने चार वेळा रणजी जिंकली. आता हेच चित्र पोलंडला नेऊन ठेवा, फक्त महाराजांच्या जागी कम्युनिस्ट सरकार.

त्या काळात तिकडे प्रोफेशनल खेळाडू हा प्रकार कागदावर नव्हताच. प्रत्येक क्लब कुणाच्या तरी पंखाखाली, पोलिसांचे वेगळे, रेल्वेचे वेगळे, खाणकामगारांचे वेगळे. व्रोत्स्वाफच्या जवळच वाउब्झिख नावाचं कोळशाच्या खाणींचं गाव आहे, तिथल्या टीमचं नावच गुर्निक म्हणजे खाणकामगार, आणि त्यांनीही 1982 आणि 88 ला चॅम्पियनशिप मारली. पण फौजेच्या हातात हुकमाचा पत्ता होता, सक्तीची लष्करी सेवा. चांगला उंचापुरा पोरगा वयात आला की बोलावणं यायचंच, मग त्याने कुठे तरी पहारा देण्यापेक्षा श्लोंस्कच्या कोर्टावर घाम गाळला तर काय वाईट? सेवा संपली की काही घरी परत जायचे, काही तिथेच रमायचे.

या जुन्या पिढीतलं मोठं नाव मिएचिस्वाफ वोपात्का. चार ऑलिंपिक खेळला आणि उरुग्वेत 1967 ला झालेल्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये सगळ्यात जास्त पॉइंट त्याचे! पुढे कोच म्हणूनही श्लोंस्ककडेच आला.

प्रश्न : 2002 नंतर एकदम 2022, मधली वीस वर्षं क्लब झोपला होता का? – तोच वाचक

उत्तर : झोपला नव्हता, आजारी होता, आणि आजार पैशाचा. 1989 ला कम्युनिस्ट राज्य गेलं, फौजेने हात आखडता घेतला, आणि क्लब कंपन्यांच्या नावाने ओळखला जायला लागला. आधी झेप्टर श्लोंस्क, झेप्टर म्हणजे ती महागडी स्टीलची भांडी विकणारी कंपनी! मग आयडिया श्लोंस्क (आपल्या सिमकार्डवाल्या आयडियाशी संबंध नाही, ती पोलंडची वेगळीच), मग तिचीच स्पर्धक मोबाईल कंपनी एरा, आणि डाइखमान ही जर्मन चपला-बुटांची कंपनीही. सीझन बदलला की छातीवर नवीन पाटी.

पण त्या पाट्यांच्या जोरावरच सोन्याचे दिवस आले हेही खरं. भांडीवाल्यांच्या काळात स्लोव्हेनियाहून आंद्रेई उर्लेप नावाचा कोच आला, एकदम कडक मास्तर. मात्सिएय झिएलिन्स्की अमेरिकेत कॉलेज खेळून परत आलेला, हा पुढे पोलंडच्या संसदेत खासदारही झाला. आणि आदाम वुइचिक, लीगमध्ये दहा हजारांच्या वर पॉइंट केलेला माणूस, 2017 ला ल्युकेमियाने वयाच्या 47 व्या वर्षी गेला बिचारा. 2001 पासून तीन सीझन टीम युरोलीगमध्येही खेळली.

मग 2003 ला श्लोंस्कची सद्दी संपली, चॅम्पियन झालं व्वोत्स्वावेकचं आन्विल, आणि त्यांचा कोच कोण, तर हाच उर्लेप! पुढे 2004 ते 2012 सलग नऊ वर्षं समुद्राकाठच्या सोपोत-ग्दिनियावाल्यांनी कुणाला हात लावू दिला नाही. इकडे श्लोंस्ककडे पैसा आटला आणि 2008 ला क्लबने लीगमधून नावच काढून घेतलं. सतरा वेळचे चॅम्पियन आणि टीमच नाही, विचार करा. पुढची वर्षं धडपडीची, कधी वर तर कधी पुन्हा खालच्या लीगमध्ये, शेवटी 2019 ला वर आले ते टिकले.

2021-22 च्या सीझनमध्ये गाडी नीट चालेना तेव्हा त्यांनी म्हाताऱ्या उर्लेपला परत बोलावलं आणि त्याने फायनलमध्ये वॉर्साच्या लेगियाला 4-1 ने झोपवलं. फायनलचा हिरो ट्रॅव्हिस ट्राइस, अमेरिकन. आता गंमत बघा, त्याच वर्षी जूनमध्ये मध्य प्रदेशने पहिल्यांदा रणजी जिंकली, कोच कोण तर चंद्रकांत पंडित, जे 1998-99 ला आपले कॅप्टन असताना फायनल हरले होते. मी त्या महिन्यात पोहे खाताना सगळ्यांना ही उर्लेपची गोष्ट सांगत होतो, कुणी ऐकून घेत नव्हतं. आज विचारलंत म्हणून बरं वाटलं.

प्रश्न : भाच्याला मॅचशिवाय अजून काय बघ म्हणून सांगू? – पुन्हा रामबागेतल्या मावशी

उत्तर : हाला स्तुलेत्सिया, म्हणजे शताब्दी हॉल. श्लोंस्कच्या कित्येक गाजलेल्या मॅचेस तिथेच झाल्यात. माक्स बेर्ग नावाच्या आर्किटेक्टने 1913 ला बांधून पूर्ण केला, वर 65 मीटर रुंद काँक्रीटचा घुमट, मधे एक खांब नाही, 2006 पासून युनेस्कोच्या यादीत. 1963 ची युरोपियन चॅम्पियनशिपही याच गावात झाली, पोलंडला सिल्वर मिळालं. भाच्याला सांगा, सेल्फी पुरे झाल्या, एकदा कोर्टाच्या मधे उभं राहून मान वर करून फक्त छताचा फोटो काढ आणि पाठव. आला की मलाही पाठवा.