ठाण्यात राहून आपण वाघासाठी काय करू शकतो? वाघ तर वाढलेत ना?

वाघ वाढलेत, हे खरं आहे. २००६ च्या गणनेत देशात १४११ होते, २०२२ ला सरासरी अंदाज ३६८२ वर गेला. त्यातले ४४४ आपल्या महाराष्ट्रातले. पण तुम्ही विचारलंय, ठाण्यातल्या माणसाचा यात काय संबंध. मी वाघबीळला राहते आणि संबंध कसा येतो ते घरातच बघितलंय.

माझ्या मुलाच्या बारशाच्या आधीची गोष्ट. सासूबाईंनी डब्यातून वाघनख काढलं. पिवळट पडलेलं, उजेडात धरलं की कडेला मधासारखं दिसणारं, वरच्या सोन्याच्या टोपणात जुनं कुंकू अडकलेलं. घरातल्या प्रत्येक मुलाच्या गळ्यात ते घातलं गेलं होतं. नख एकच, आणि मोठ्या भावोजींना जोडी हवी होती, दोन नखं समोरासमोर बसवलेली. टोपण नवीन करायचं म्हणून ओळखीच्या सोनाराकडे गेलो, मीही बरोबर होते. सोनाराने नख तळहातावर घेतलं, दुकानात दुसरं गिऱ्हाईक नाही हे बघितलं आणि हळूच म्हणाला, "जोडीचं मिळवून देतो. थोडा वेळ लागेल."

मी तिथून नख उचललं आणि बाहेर आले. वाघाच्या चारही पंजांना मिळून अठरा नखं. माझ्या बाळाला जोडी हवी म्हणून कुठेतरी फासा लागणार होता.

भावोजींचं म्हणणं, आपलं नख पणजोबांच्या वेळचं, तो वाघ काही परत येणार आहे का? नाही येणार. पण जुनं नख गळ्यात मिरवलं की बघणाऱ्याला नवं हवंसं वाटतं आणि शिकारी त्या मागणीवर जगतो. राजस्थानातल्या सरिस्कात २००४-०५ मध्ये शिकारीने एकही वाघ उरला नव्हता, अख्खं राखीव जंगल रिकामं. मुलाला मी नख घातलं नाही. सासरी अजून ऐकवतात.

म्हणून माझं उत्तर सरळ आहे: घरातलं नख, कातडं मिरवू नका, कोणी विकत घेऊन देतो म्हणालं तर वनखात्याला कळवा. ताडोबाला जाऊन फोटो टाकणं म्हणजे वाघ वाचवणं नव्हे.

बाकीची संकटं आहेतच. रानडुकरांसाठी शेतात सोडलेल्या विजेच्या तारेला वाघ चिकटतो, एका जंगलातून दुसऱ्यात जायची वाट रस्ते आणि खाणी तोडतात. यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातला एक तरुण वाघ २०१९ मध्ये जागा शोधत शेकडो किलोमीटर चालून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला होता. त्यावर इथून आपण काय करावं, याचं चांगलं उत्तर माझ्याकडे नाही.

एक सांगायचं राहिलं. बाजारातली बरीचशी नखं गुराच्या शिंगाची असतात. आमचंही तसंच असेल, तपासलेलं नाही. खरं असेल आणि वनखात्याचं मालकी प्रमाणपत्र नसेल तर १९७२ च्या कायद्याने तो गुन्हा आहे, किमान तीन वर्षं कैद. पिढीजात असलं म्हणून सूट मिळत नाही. प्रमाणपत्र असेल तर गोष्ट वेगळी, पण तेव्हाही विकता येत नाही.

आपल्याकडे तो कागद आहे का, हे मी भावोजींना तेव्हाच विचारलं होतं. ते उठून आत गेले. पुढच्या महिन्यात पुतण्याच्या मुलीचं बारसं आहे, तिथे परत विचारणार आहे.