राष्ट्राध्यक्षांची सही कुठवर चालते?

अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदाबद्दल आलेल्या प्रश्नांपैकी काही इथे घेतो.

ट्रम्प कॅमेऱ्यासमोर जाड मार्करने आदेशावर सही करतात. तो लगेच कायदा होतो का? आपल्या अध्यादेशासारखाच ना? – एक वाचक, सांगली

नाही. आपला अध्यादेश तात्पुरता असला तरी कायद्याच्या ताकदीचा असतो. अधिवेशन सुरू झाल्यावर सहा आठवड्यांत संसदेने मंजुरी दिली नाही, तर तो आपोआप बाद होतो. अमेरिकेतला कार्यकारी आदेश म्हणजे राष्ट्राध्यक्षांनी आपल्याच सरकारी यंत्रणेला दिलेला हुकूम. त्याला मुदत नसते, पण घटनेचा किंवा काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, आधीच केलेल्या एखाद्या कायद्याचा आधार लागतो. शिवाय पुढचा राष्ट्राध्यक्ष पहिल्याच दिवशी तो रद्द करू शकतो, आणि करतोही.

आधार नसला की काय होतं, याचा धडा १९५२ मधला. कोरियात युद्ध चालू होतं आणि पोलाद कामगारांचा संप तोंडावर आला होता. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी एप्रिलमध्ये आदेश काढून देशातले मोठे पोलाद कारखाने ताब्यात घ्यायला सांगितलं. रणगाडे कशाचे बनवायचे, हा त्यांचा सवाल चुकीचा नव्हता. कारखानदार कोर्टात गेले. त्या वेळचे सुप्रीम कोर्टाचे नऊच्या नऊ न्यायाधीश त्यांच्या आधीचे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट किंवा खुद्द ट्रूमन यांनी नेमलेले. तरी २ जूनला सहा विरुद्ध तीन मतांनी आदेश रद्द झाला. आदेशाच्या विरोधात गेलेल्यांत टॉम क्लार्क होते, एकेकाळचे ट्रूमन यांचेच ॲटर्नी जनरल! ट्रूमन चिडले, पण कारखाने त्यांनी परत केले. मग ५३ दिवस संप चालला.

याच खटल्यात न्यायमूर्ती जॅक्सन यांनी दिलेली कसोटी आजही लावतात: काँग्रेस पाठीशी असेल तर राष्ट्राध्यक्षांचा अधिकार सर्वांत भक्कम, काँग्रेस गप्प असेल तर धूसर, आणि काँग्रेसच्या इच्छेविरुद्ध असेल तर सर्वांत लेचापेचा. कुठल्याही नव्या आदेशाची बातमी आली की मी आधी एवढंच बघतो. सहीचा सोहळा नंतर.

मुलगा न्यू जर्सीत आहे, ग्रीन कार्डच्या रांगेत कित्येक वर्षं. राष्ट्राध्यक्षांनी मनात आणलं तर ही रांग संपेल का? – एक वाचक, पुणे

त्यांच्या एकट्याच्या हातात ते नाही. दरवर्षी किती ग्रीन कार्डं द्यायची, आणि एका देशाच्या वाट्याला साधारण सात टक्क्यांहून जास्त जाऊ द्यायची नाहीत, हे कायद्यात लिहिलेलं आहे. ते बदलायला काँग्रेसच हवी, आणि या विषयावर काँग्रेसचं घोडं कित्येक वर्षं अडलेलं आहे.

दार बंद करणं मात्र त्यांना बरंच सोपं. १९५२ च्याच स्थलांतर कायद्यातलं २१२(एफ) हे कलम परदेशी नागरिकांचा प्रवेश रोखण्याची मुभा राष्ट्राध्यक्षांना देतं. ट्रम्प यांची काही देशांवरची प्रवेशबंदी २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी उचलून धरली, ती याच कलमावर. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाच्या अर्जांवर एक लाख डॉलर लावण्याची घोषणा झाली, तिलाही आधार याच कलमाचा घेतला होता. तेव्हा मुलाला सांगा, व्हाइट हाउसइतकंच लक्ष आपल्या भागातल्या काँग्रेस सदस्याकडेही ठेव.

तिथले मंत्री खासदार नसतात म्हणे. मग कारभार हाकतं कोण? – एक वाचक, नाशिक

नसतात, आणि घटनेनुसार असूही शकत नाहीत. मार्को रुबिओ यांना परराष्ट्रमंत्री होण्यासाठी सिनेटची, म्हणजे काँग्रेसच्या वरिष्ठ सभागृहाची, जागा सोडावी लागली. पंधरा खात्यांचे प्रमुख राष्ट्राध्यक्ष निवडतात, सिनेट त्यांना मंजुरी देते.

पण खरी वर्दळ असते व्हाइट हाउसच्या वेस्ट विंगमध्ये, जिथे राष्ट्राध्यक्षांचं कार्यालय आहे. १९३७ मध्ये एका समितीने अहवाल दिला की राष्ट्राध्यक्षांना मदतीची गरज आहे. त्यातून १९३९ मध्ये रूझवेल्ट यांनी राष्ट्राध्यक्षांचं कार्यकारी कार्यालय उभं केलं. आज त्यात अर्थसंकल्प कार्यालय आहे, राष्ट्रीय सुरक्षा परिषद आहे. चीफ ऑफ स्टाफ आणि राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार यांना सिनेटसमोर जावंच लागत नाही. राष्ट्राध्यक्षांच्या टेबलावर कुठला कागद जाणार आणि दारातून आत कोण जाणार, हे चीफ ऑफ स्टाफ ठरवतो. माझ्या मते निम्म्या मंत्र्यांपेक्षा त्याचं वजन जास्त असतं.

युद्ध पुकारायला काँग्रेसची परवानगी लागते ना? – एक वाचक, ठाणे

कागदोपत्री लागते. शेवटची रीतसर युद्धघोषणा १९४२ ची! व्हिएतनामनंतर, १९७३ मध्ये, काँग्रेसने निक्सन यांचा नकाराधिकार मोडून कायदा केला: सैन्य लढाईत उतरवलं की ४८ तासांत कळवा, आणि मंजुरी नसेल तर ६० दिवसांत थांबवा, माघारीसाठी फार तर आणखी ३०. दोन्ही पक्षांच्या राष्ट्राध्यक्षांनी यातून पळवाटा काढल्या आहेत.

राष्ट्राध्यक्षांना भूल दिली तर तेवढ्या वेळात अधिकार कोणाकडे? – एक वाचक, पणजी

उपराष्ट्राध्यक्षांकडे, पण आपोआप नाही; राष्ट्राध्यक्षांनी तसं लेखी कळवलं तर. २५ व्या घटनादुरुस्तीनुसार हे पत्र प्रतिनिधिगृहाच्या सभापतींना आणि सिनेटच्या हंगामी अध्यक्षांना जातं. १९ नोव्हेंबर २०२१ ला बायडन यांच्या आतड्याची तपासणी होती. सकाळी १०.१० ला पत्र गेलं, शुद्धीवर आल्यावर ११.३५ ला अधिकार परत घेतले. मधली ८५ मिनिटं ते कमला हॅरिस यांच्याकडे होते. १९८५ मध्ये रेगन यांनी शस्त्रक्रियेआधी असंच पत्र दिलं, पण त्यातच लिहिलं की अशा छोट्या प्रसंगासाठी ही दुरुस्ती आहे असं आपल्याला वाटत नाही. त्यामुळे त्या दिवशी तेव्हाचे उपराष्ट्राध्यक्ष बुश या दुरुस्तीनुसार हंगामी राष्ट्राध्यक्ष होते की नाही, यावर जाणकारांचा वाद अजून चालू आहे.