तंत्रज्ञान इतक्या वेगाने बदलतं, मग बौद्धिक संपदेचा कायदा त्याच्याशी जुळवून कसा घेणार?

पेटंटचे अर्ज लिहिणं हे माझं काम, म्हणून पेटंटपुरतंच बोलतो. दर थोड्या वर्षांनी कायदाच बदलावा, हे मला पटत नाही. विधेयक संसदेतून बाहेर पडेपर्यंत तंत्रज्ञान पुढच्या गावाला गेलेलं असतं. कायद्यात कसोटी असावी, तिचा अर्थ प्रकरणागणिक लागत जावा आणि बाहेरच्या कोणालाही हरकत घेता यावी.

आपल्याकडे औषधांच्या बाबतीत हे झालेलं आहे. १९७० च्या कायद्यानुसार पेटंट औषधाला मिळत नव्हतं, ते बनवण्याच्या पद्धतीला मिळायचं. जागतिक व्यापार संघटनेच्या करारामुळे २००५ पासून औषधालाही द्यावं लागलं. तेव्हा संसदेने कलम ३(डी) मध्ये अट घातली की माहीत असलेल्या पदार्थाचं नुसतं नवं रूप चालणार नाही, त्याची परिणामकारकता वाढलेली हवी. किती वाढायला हवी, हे मुद्दाम म्हणा वा घाईत म्हणा, लिहिलंच नाही. कलम संदिग्ध आहे असं म्हणत नोव्हार्टिस ही औषध कंपनी मद्रास उच्च न्यायालयात गेली आणि २००७ साली हरली. पुढे २०१३ मध्ये ग्लिवेक या तिच्याच कर्करोगाच्या औषधाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, औषधापुरता 'परिणामकारकता' या शब्दाचा अर्थ रोगावरचा गुण. औषधाची भुकटी जास्त टिकाऊ झाली, एवढ्याने भागत नाही. कायद्याचं एक अक्षर न बदलता कसोटी स्पष्ट झाली.

हरकतीचं बळ २०२३ मध्ये दिसलं. बेडाक्विलिन या टीबीच्या औषधाच्या क्षाराचं, म्हणजे त्याच औषधाच्या एका रूपाचं, पेटंट मिळालं असतं, तर जॉन्सन अँड जॉन्सनची मक्तेदारी २०२७ पर्यंत लांबली असती. टीबीतून बऱ्या झालेल्या दोघीजणींनी, एक मुंबईची आणि एक दक्षिण आफ्रिकेची, हरकत घेतली होती. मुंबईच्या पेटंट कार्यालयाने अर्ज फेटाळला.

याची किंमतही आहे. अर्ज टिकेल की नाही हे अशिलाला छातीठोकपणे सांगता येत नाही, आणि छोट्या कंपनीला ती अनिश्चितता जड जाते. तरी मी हाच सौदा पत्करेन.

मात्र लवचीक कायद्याला माहिती लागते, आणि नेमकं तिथेच आपण हात आखडता घेतोय. २०१२ मध्ये नॅटको या भारतीय कंपनीला नेक्सावार या कर्करोगाच्या औषधाचा सक्तीचा परवाना, म्हणजे पेटंटधारकाच्या संमतीविना ते बनवायची मुभा, मिळाला. पेटंट ज्या कंपनीचं होतं, त्या बायरचा महिन्याचा दर सुमारे २ लाख ८० हजार रुपये होता, नॅटकोने ८,८०० ला द्यायचं ठरलं. औषध किती रुग्णांपर्यंत पोचतंय हे ठरवताना पेटंटच्या वापराबद्दल बायरनेच 'फॉर्म २७' मध्ये भरलेले आकडे कामी आले. हा फॉर्म तेव्हा दरवर्षी भरावा लागे. २०२४ च्या नियमांनी तो तीन वर्षांतून एकदा केला, आणि पेटंट मिळण्याआधीच्या हरकतीला, जी तोवर फुकट होती, फी लावली. माझ्या हातात असतं तर फॉर्म एका पानाचा केला असता, पण दरवर्षीच घेतला असता.