'सुटल्यावर पाहू' या शब्दावर विसंबू नका

ताई, आपले यजमान गोव्यात कोलवाळच्या कारागृहात कच्चे कैदी आहेत, घरकर्जाचे हप्ते थकले आहेत आणि शाखेतून 'ते सुटल्यावर पाहू' असे उत्तर मिळाले, हे वाचून मला माझ्या वहिनीचे ते दिवस आठवले. तिलाही नेमके हेच सांगण्यात आले होते.

दादा आत असताना सरफेसी कायद्याच्या (थकलेल्या कर्जापोटी तारण घर ताब्यात घेण्याचा अधिकार बँकेला देणाऱ्या कायद्याच्या) कलम १३(२) खालची ६० दिवसांची मागणी-नोटीस डिचोलीच्या घरी आली. वहिनी ती घेऊन शाखेत गेली, तेव्हा तिथल्या अधिकाऱ्याने तुरुंगातून आणलेली सही चालत नाही, कर्जदार सुटेपर्यंत काही होणार नाही, असे तोंडी सांगितले आणि आम्ही सर्वांनी ते खरे मानले. त्या ६० दिवसांत लेखी हरकत घेता येते आणि बँकेला १५ दिवसांत कारणांसह उत्तर द्यावे लागते. आमच्याकडे मात्र एका ओळीचाही कागद नव्हता. मुदत उलटल्यावर दारावर ताबा-नोटीस चिकटली. त्यानंतर ऋण वसुली न्यायाधिकरणात जाण्यासाठी जे ४५ दिवस असतात, त्यांतले निम्मे वकील शोधण्यात गेले.

मी वकील नाही, तेव्हा हे कोणाकडून तरी पडताळून घ्या. पण माझे मत ठाम आहे की आजच्या आज शाखेला पत्र द्यावे आणि पोच घ्यावी. यजमानांचे मुखत्यारपत्र हवे असेल तर नोंदणी कायद्याच्या कलम ३३ प्रमाणे तुरुंगातील व्यक्तीला त्यासाठी निबंधकापुढे हजर राहण्याची सक्ती नाही. निबंधक स्वतः कारागृहात येऊन खात्री करून घेऊ शकतो. अर्ज अधीक्षकांमार्फत करावा. कोठडीतील माणसाला, त्याचे उत्पन्न कितीही असो, १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने मोफत विधी साहाय्य मिळते आणि ते केवळ फौजदारी खटल्यापुरते नसते, हे आम्हाला फार उशिरा कळले. १५१०० हा त्याचा क्रमांक आहे. वसुलीवाले सकाळी ८ च्या आधी किंवा संध्याकाळी ७ नंतर फोन करीत असतील तर तारीख-वेळ लिहून ठेवा. आणि हप्ता भरण्यासाठी खाजगी सावकाराच्या पायरीवर मात्र चढू नका, मग तो नात्यातला का असेना.

आणखी एक गोष्ट, जी गोव्याबाहेरचा सल्लागार बहुधा सांगणार नाही. विवाहापूर्वी वेगळा करार केलेला नसेल, तर इथल्या कायद्याने पती-पत्नीची मालमत्ता सामाईक असते, त्यामुळे ती विकायची वेळ आल्यास दोघांच्याही सह्या लागतात. आम्हाला शेवटी वडिलांचे कुळागर (सुपारी-नारळाची बाग) घाईत, पडेल त्या भावाने विकून कर्ज फेडावे लागले, तेव्हा दादाची सही कोलवाळहूनच आली. आणि तुरुंगातली सही चालत नाही म्हणणाऱ्या त्याच अधिकाऱ्याने तिच्या आधारे आलेले पैसे काहीही न विचारता जमा करून घेतले.