पाठ करून घेऊ नकोस, कारण सांग

अगं, इंग्रजी शिकवायला लागलीस की पहिल्याच आठवड्यात वीस स्पेलिंग पाच-पाचदा लिहायला देऊ नकोस. मीही दिली होती. मुलांचे हात दुखले, स्पेलिंग काही आलं नाही. जोड्या दे. शेवटी ई लावला की हॅटचं हेट, पिनचं पाइन, कटचं क्यूट. मग एखादं चुणचुणीत पोर विचारेलच, ‘हॅव आणि गिव्हमध्ये ई असून असं का नाही?’ सांग, इंग्रजी शब्द सहसा व्ही या अक्षरावर संपत नाहीत, म्हणून तिथे ई नुसता टेकूला उभा आहे. नाइफमधला के तर पूर्वी खरोखर उच्चारत असत. मुलांना ‘क्नाइफ’ म्हणू दे, हसतील, पण विसरणार नाहीत.

वाक्प्रचारांचं भाषांतर नको. मुसळधार पावसाला इंग्रजीत ‘रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज’ म्हणतात, त्यावर हसले की विचार, आपल्या पावसात मुसळं पडतात का?

व्याकरणात शब्दयोगी अव्ययांवर वेळ घाल. आपलं ‘वर’ ‘टेबल’ या शब्दानंतर चिकटतं, त्यांचं ‘ऑन’ शब्दाच्या आधी येतं. निम्म्या चुका तिथल्याच.

कविता आधी दोनदा मोठ्याने वाच, टाळीवर. यमक कानाने शोधायला लाव. कफ (cough) आणि डो (dough), शेवटची चार अक्षरं तीच, यमक मात्र नाही! अर्थ दुसऱ्या दिवशी सांगितलास तरी चालेल.