पोटाला नळी घातली की माणूस परत जेवत नाही का?

प्रश्न : डॉक्टर, माझ्या बाबांना (वय 71) स्ट्रोक येऊन पाच आठवडे झाले. उजवी बाजू गेलीय, घोटभर पाणी दिलं तरी ठसका लागतो म्हणून नाकातून नळी आहे. ती त्यांनी दोनदा ओढून काढली, दोन्ही वेळा रात्रीचं गाडी करून हॉस्पिटलात धावलो. आता पोटातून नळी घालूया म्हणतात, पेग. आई ऐकतच नाही. पोटाला भोक पाडलं की माणूस परत जेवत नाही म्हणते.
— एक वाचक, डिचोली

उत्तर : ताई, बाबा नळी ओढतात ते हट्टाने नव्हे हो, नाकात आणि घशात सतत खुपतंय म्हणून त्यांचा चालता डावा हात आपोआप तिकडे जातो. नाकातली नळी मुळात चार-सहा आठवड्यांचीच सोय आहे.

पेगसाठी पोट उघडत नाहीत. तोंडातून दुर्बीण सोडतात, आतला उजेड पोटावर दिसतो तिथली कातडी बधिर करून बारीक छेद देतात आणि नळी बसवतात, साधारण अर्ध्या तासाचं काम. 1979 साली अमेरिकेत हे पहिल्यांदा केलं ते एका तान्ह्या बाळावर. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधी सांगा, स्वतःहून मात्र बंद करू नका.

आणि आईंना हे नक्की सांगा, गिळणं सुधारलं की ही नळी काढता येते, भोक आपोआप मिटतं. स्ट्रोकनंतर बऱ्याच जणांचं सुधारतं. पण ते भोक पटकन मिटतं म्हणूनच नळी निसटली तर सकाळची वाट बघू नका, लगेच हॉस्पिटल गाठा, आणि घरी परत आत ढकलायची तर अजिबात नाही. पोटावर पट्टा बांधून नळी कपड्याच्या आत ठेवलीत तर हाताला सापडत नाही.

नळीतून भरवताना आणि नंतर तासभर डोकं उंच, पाठीला दोन उशा लावून बसतं केलंत तरी चालेल. पेज, तिजण (नाचणीची पातळ खीर) सगळं जातं, पण पातळ करून बारीक गाळणीतून, एक शीत राहिलं तरी नळी तुंबते. आधी आणि नंतर 30 मिली पाणी. गोळ्या कुटण्याआधी विचारा, काही गोळ्या कुटायच्या नसतात.

आईंना तोंडाने पेज भरवायचीय ना, मग स्पीच थेरपिस्टकडून गिळण्याची तपासणी करून घ्या, गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) चौकशी करा. त्यांनी हो म्हटलं तरच चमचाभर. तोवर रोज दोनदा दात-जीभ पुसणं आणि ओठ ओले ठेवणं हे काम आईंकडे द्या, तोंडातली घाण लाळेबरोबर फुफ्फुसात उतरली की न्यूमोनिया होतो, आणि पेग असली तरी तो धोका राहतोच.