नाशिकमध्ये गोदाकाठी, सराफ बाजाराजवळ दुकान घ्यावं का? पुराची भीती किती खरी?

भीती खरी आहे. 1969, 2008, 2016, 2019 या वर्षांचे पूर नाशिककर विसरलेले नाहीत. तरी दुकान घेऊच नका असं मी म्हणणार नाही, पण आधी निळी आणि लाल पूररेषा बघा. निळी 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतल्या. 'एकदा' म्हणजे सरासरीने, लागोपाठच्या वर्षीही येऊ शकतो!

आपल्याकडे नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्याला पाणी लागलं, कमरेला लागलं, यावरून अंदाज घेतात. ते योग्यच आहे, पण सोबत नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या गंगापूर धरणाच्या विसर्गाचा आकडाही बघत जा. आणि सराफ बाजारात नुसती नदी नाही, सरस्वती नाल्याचं पाणीही तुंबतं, म्हणजे धरणाचे दरवाजे बंद असतानाही जोरदार पावसात दुकानात पाणी शिरू शकतं.

2016 ला आमच्या दुकानात पाणी शिरलं. पाणी ओसरलं, पण चिखल राहिला. शटरच्या पट्ट्यांत, तिजोरीच्या कुलपात, सगळीकडे. तो ओला असतानाच काढा, वाळला की खरवडावा लागतो. मात्र त्याआधी भिंतीवरच्या पाण्याच्या खुणेचे फोटो काढा, पंचनाम्याला आणि विम्याला लागतात. पॉलिसीत पूर धरलाय का, हे आजच वाचा. मीटर आणि बोर्ड उंचावर घ्या, वायरिंग वायरमनने तपासल्याशिवाय मेन स्विच चालू करू नका.

शेजारच्या दुकानदारांशी ओळख ठेवा. त्या रात्री आमचा माल वरच्या मजल्यावर त्यांनीच चढवला.